दोनदा वर, एकदा एंटर

धर्मेंद्रभाई पाटलांना मसुदा लिहिता येत नाही, असं म्हणणारा माणूस अख्ख्या शहादे तालुक्यात शोधून सापडायचा नाही. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांचा जन्म गेला. 'उपरोक्त विषयान्वये' ही सुरुवात त्यांनी इतक्या वेळा लिहिली की घरी वाण्याच्या यादीवरही ती उमटायची आणि मग खाली 'साखर, तूरडाळ' यायचं. अशा माणसाला हारुन मिस्त्रीची मदिहा, कालची पोर, खुशाल सांगून गेली, "काका, तुम्ही काही टाइप करू नका. वरचा बाण दाबायचा आणि एंटर मारायचं. बस."

बोला आता! निवृत्त हेडक्लार्कला लिहिण्याची मनाई!

पण प्रकरणच तसं होतं. तापीकाठच्या करंजवाड्यात उपसा सिंचनाची संस्था आहे. नदीचं पाणी पंपानं उचलायचं आणि एक दिवस नदीकडच्या पट्ट्याला, दुसऱ्या दिवशी रस्त्याकडच्या पट्ट्याला द्यायचं. आज पाळी कोणाची, हे रोज सकाळी गावातल्या भोंग्यांवरून सांगायचं. पूर्वी हे माइकवरून चाले. पण एका अखंड सप्ताहानंतर एका म्हाताऱ्या सभासदाला माइक सापडला, त्यांनी पाण्याच्या पाळीआधी सबंध भजन म्हटलं आणि ते संपेपर्यंत पाळी संपली. तेव्हा समितीनं ठराव करून माइक कपाटात टाकला. मदिहानं सगळ्या सूचना एकदाच स्वतःच्या आवाजात भरून ठेवल्या आणि संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवरून ती त्या वाजवू लागली. त्या कॉम्प्युटरवर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, की भोंगे बोलू लागतात.

मदिहाचं लग्न होऊन ती खांडबाऱ्याला गेली आणि संस्थेचं सचिवपद धर्मेंद्रभाईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी ते लगेच स्वीकारलं, कारण घरी ते जुने पेपर तारखेप्रमाणे लावत बसत आणि प्रमिलाबेन ते तितक्याच नियमितपणे रद्दीत घालत. पदभार घेताना त्यांनी मदिहाकडे 'वरचा बाण सुस्थितीत सुपूर्द केला' असं लेखी मागितलं. तिनं हसत हसत दिलंसुद्धा.

बाणाची गंमत अशी की तो दाबला की आपण आधी दिलेला हुकूम पुन्हा पडद्यावर येतो. आणखी दाबला की त्याच्या आधीचा. यंत्र काही विसरत नाही. ज्या कचेरीत गेल्या आठवड्याची फाइल सापडायची नाही, तिथं हयात काढलेल्या माणसाला हे पाहून काय वाटलं असेल! पहिल्या दिवशी ते नुसतेच बाण दाबून वर जायचे आणि खाली यायचे.

पुढं त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं एक कायदा शोधून काढला. आजचा पट्टा म्हणजे परवाचा पट्टा. म्हणजे दोनदा वर, एकदा एंटर. रोज. सोमवार असो की अमावास्या, दोनदा वर, एकदा एंटर, आणि नेमका बरोबर पट्टा वाजायचा. त्यांनी तो कायदा कागदावर काढून भिंतीला चिकटवला. त्यावर जावक क्रमांक टाकला. पुढं पुढं ते डोळे मिटून बाण दाबू लागले.

"वाचून तरी बघत जा," प्रमिलाबेन म्हणायच्या.

"वाचण्याचं कारण नाही. पद्धत ठरलेली आहे," धर्मेंद्रभाई म्हणायचे. नोकरीत ते पुस्तकी बोलायला शिकले आणि निवृत्तीनंतर ते सोडायचं राहून गेलं.

आता मधे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर सगळं अवलंबून आहे. धर्मेंद्रभाईंचे शेजारी चुनीलालभाई. केळीचे बागाईतदार, माणूस अबोल. त्यांच्या ललितचं लग्न जमवायचं काम धर्मेंद्रभाईंनी अंगावर घेतलं होतं. नदीपलीकडच्या गावातले नरोत्तमभाई, त्यांची प्रतिभा. पोरं एकमेकांना पसंत, पत्रिका पसंत, सगळं पसंत. पण नरोत्तमभाई करारी. "घरनी माणसं कशी शेतस ते मी देखसू, मंग सांगसू," ते म्हणाले होते. "तवपर्यंत गावमा बोभाटा नको. बोभाटा व्हयना तं नातं गयं."

"माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर जाणार नाही," धर्मेंद्रभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. यापूर्वी त्यांनी जमवलेली दोन स्थळं ऐनवेळी मोडली होती, त्यामुळं हे तिसरं मोडलं असतं तर गावात मान वर करून चालायची सोय राहिली नसती. आणि ललित त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. पोराचं मन त्या मुलीवर जडलं होतं, हे त्यांना न सांगता दिसत होतं.

तर एका संध्याकाळी संस्थेच्या कार्यालयात सुपडू आला. याचं शेत नदीकडच्या पट्ट्यात आणि नाक सगळ्या गावाच्या कारभारात. त्यानं पडद्याकडे बघत विचारलं, "भाई, दोनदा वर तं समजनं. पन त्याना वर काय शे?"

हा प्रश्न धर्मेंद्रभाईंना स्वतःलाही बरेच दिवस सतावत होता. पण पदाला शोभत नाही म्हणून ते थांबले होते. आता सभासदानं विचारणा केली म्हटल्यावर उत्तर देणं भागच होतं.

ते बाण दाबत निघाले. प-एक, प-दोन, प-एक, प-दोन. हे पाण्याचे. मग मधेच ग-चार. "गुरंसनं लसीकरण," सुपडू म्हणाला. मग ह-दोन. "हवामान. गारपीट झाली होती ती," धर्मेंद्रभाई म्हणाले. गावाचं सबंध वर्ष उलटं चालत त्यांच्यासमोर येत होतं आणि दोघं खुर्च्या पुढं ओढून ओळखायला बसले होते. हळूहळू दारात आणखी चार डोकी जमली. कोणी म्हणालं, म-एक म्हणजे हरवलेली म्हैस. कोणी म्हणालं, छे, मतदारयादी. म्हशीवरून वाद पेटला आणि म्हैस शेवटी कोणाच्या गोठ्यात सापडली इथपर्यंत गेला. आणि मग आलं ल-सात.

"ल म्हनजे लगीन," सुपडू उभाच राहिला. "पन कोनं? ऐकाडा ना, भाई!"

धर्मेंद्रभाईंनी विचार केला. भोंग्यांचा अँप्लिफायर बंद केला, दोनदा तपासला. मग एंटर मारलं. कॉम्प्युटरच्या पोटातून मदिहाचा बारीक, गोड आवाज आला, "चुनीलालभाई पाटील यांच्या घरी मंगल कार्यानिमित्त आज सायंकाळी सगळ्या गावाला चूलबंद आवतन आहे हो! आग्रहाचं आवतन!"

गेल्या वैशाखातलं. चुनीलालभाईंच्या मुलीच्या लग्नातलं. सगळ्यांचे चेहरे उजळले. त्या दिवशीची वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, बट्टीवर ओतलेलं तूप! सुपडूनं डोळे मिटून घेतले. सगळे तृप्त होऊन घरी गेले, कोणाचं काही बिघडलं नाही. निदान तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रभाईंनी कायद्याप्रमाणे दोनदा वर, एकदा एंटर केलं आणि रस्त्याकडचा पट्टा वाजला. तो कालही वाजला होता. सुपडू हातात फावडं घेऊन दारात हजर.

"भाई, मन्ही पाळी कथी गयी?"

"यंत्राची चूक आहे," धर्मेंद्रभाई म्हणाले. "मी पद्धत सोडलेली नाही."

मग काय, सल्ल्यांचा पाऊस. कोणी म्हणालं बाण झिजला, त्याच्यात तेल सोडा. कोणी म्हणालं कॉम्प्युटर दक्षिणेकडं तोंड करून ठेवलाय, फिरवा. एका सभासदानं नारळ आणला, फोडला, आणि पाणी टेबलावर सांडून ते पुसताना आणखी अर्धा तास गेला. फिरवल्यावर कॉम्प्युटरची वायर पुरेना, म्हणून तो पुन्हा दक्षिणेकडं झाला. धर्मेंद्रभाईंनी दुरुस्तीसाठी रीतसर टिपणी लिहिली. टिपणीला अध्यक्षांची सही हवी आणि अध्यक्ष पुरुषोत्तमनगरला साडूकडे मुक्कामाला. टिपणी टेबलावर राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धर्मेंद्रभाई आंघोळ करून, गंध लावून कार्यालयात आले. मनात जरा धाकधूक होतीच. पण इतके दिवस चाललेली पद्धत एका दिवसाच्या चुकीनं कोण सोडतं? अँप्लिफायर चालू केला, डोळे मिटले. दोनदा वर. एंटर.

"चुनीलालभाई पाटील यांच्या घरी मंगल कार्यानिमित्त आज सायंकाळी सगळ्या गावाला चूलबंद आवतन आहे हो! आग्रहाचं आवतन!"

सगळ्या भोंग्यांवरून. नदीपर्यंत.

चूलबंद आवतन म्हणजे साधं जेवणाचं बोलावणं नव्हे. त्या दिवशी गावातल्या कोणत्याही घरी चूल पेटवायची नाही. म्हातारे, तान्ही पोरं, आलेगेले पाहुणे, सगळ्यांनी जेवायला यायचं. न जाणं हा अपमान, आणि घरी चूल पेटवणं त्याहून मोठा.

धर्मेंद्रभाईंचे डोळे खाडकन उघडले. दुरुस्ती करायची म्हणून त्यांनी घाईनं तोच उपाय केला. दोनदा वर, एंटर. रस्त्याकडचा पट्टा वाजला. "हे नाही रे बाबा!" ते यंत्राला म्हणाले आणि पुन्हा दोनदा वर, एंटर.

"चुनीलालभाई पाटील यांच्या घरी..."

अरे देवा! आता तर दोनदा झालं. एकदा सांगितलेलं आवतन एखादा ऐकून सोडून देईल, पण दोनदा सांगितलं म्हणजे यजमानानं हाताला धरून ओढल्यासारखं. माइकवरून खुलासा करावा, तर माइक कपाटात, कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या कमरेला, आणि अध्यक्षांचा फोन लागेना. त्यांनी अँप्लिफायर बंद केला आणि खांडबाऱ्याला फोन लावला.

मदिहानं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा ती फोन बाजूला धरून हसली, ते त्यांना ऐकू आलं.

"काका, त्या दिवशी तुम्ही ते लग्नाचं नुसतं ऐकलंत ना? पण तो पण हुकूमच झाला. जे आपण शेवटी देतो ते सगळ्यात खाली जाऊन बसतं आणि बाकीचं एक पायरी वर सरकतं. तुमचा दोनचा हिशोब पाण्याच्या पाळीमुळं जमत होता, काका. यंत्राचा तसा काही नियम नाही."

"पण मी तर ते भोंगे बंद करून ऐकलं होतं."

"भोंगे बंद होते. यंत्र तर ऐकत होतं ना!"

मदिहानं सांगितलं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या काळ्या पडद्यावर स्वतः एक शब्द टाइप केला, आणि आजवरचे सगळे हुकूम सरसर खालून वर गेले. शेवटी त्यांचेच: पट्टा, लग्न, पट्टा, लग्न, पट्टा, लग्न. म्हणजे त्यांनी काहीच केलं नसतं तर हे आवतन दिवसाआड जन्मभर वाजलं असतं. भीतीतही त्यांना या गोष्टीची मोठी गंमत वाटली. आपली चूक इतक्या इमानानं जपून ठेवणारं कोणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं, प्रमिलाबेन सोडून.

बाहेर पडले तर गाव बदललेलं. घरोघरचे गॅस बंद. बाया ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या. सुपडू सांगत होता की त्यानं सकाळचा चहासुद्धा घेतला नाही, जागा ठेवली आहे.

"भाई, गुपचूप गुपचूप जमाडं ना ललितनं! म्हनीसन परवा ते आवतन काढी ठेवं व्हतं!" तो डोळा मारून म्हणाला.

"नाही हो, तसं काही नाही," धर्मेंद्रभाई कळवळून म्हणाले.

"देखा, देखा, किती साधा माणूस!" सुपडूनं शेजाऱ्याला सांगितलं.

जितकं ते नाही म्हणत, तितकी गावाची खात्री पटत होती. घरी आले तर प्रमिलाबेन ठेवणीतली साडी बाहेर काढत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी साडी खाली ठेवली. सगळं ऐकल्यावर एवढंच म्हणाल्या, "आधी चुनीलालभाईंकडे जा. दुसऱ्यानं सांगायच्या आत जा."

चुनीलालभाई अंगणात उभे होते. त्यांची पत्नी जमनाबाई भाच्यांना पराती घासायला लावत होती. चुनीलालभाईंच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं.

"नरोत्तमभाईनी हो सांगं?" त्यांनी विचारलं.

यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. धर्मेंद्रभाईंना पहिल्यांदाच पुस्तकी वाक्य सुचेना. "नही," ते म्हणाले. "मन्हा हातथीन चूक व्हयनी."

जमनाबाईच्या हातातली परात वाजली. ललित दारात आला होता, तो आल्या पावली आत गेला. धर्मेंद्रभाईंनी बाण, एंटर, अँप्लिफायर सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी घरोघर जातो. हात जोडून सांगतो की आवतन चुकीचं आहे. मला हसू देत."

चुनीलालभाईंनी रस्त्याकडं पाहिलं. गल्लीत एकाही घरातून फोडणीचा वास येत नव्हता. त्यांनी मान खाजवली.

"बट्टीनं पीठ मळा," ते जमनाबाईला म्हणाले आणि वांगी आणायला निघून गेले.

संध्याकाळी अंगणात पंगत बसली. सगळं गाव होतं. तौहिद वायरमन दिवे लावायला म्हणून आला होता, तोही बसला. धर्मेंद्रभाई स्वतः वरण वाढत होते, खाली मान घालून, ज्याच्या त्याच्या पानात गरजेपेक्षा जास्त. आणि नेमकी तेव्हाच मोटरसायकल थांबली.

नरोत्तमभाई! नदीपलीकडं बातमी जायला किती वेळ लागतो? त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"आम्हीन अजून हो सांगं नही, आणि तुम्ही गावजेवण घाली ऱ्हायनात? धर्मेंद्रभाई, हाऊ तुम्हना शब्द?"

धर्मेंद्रभाईंच्या मनात क्षणभर आलंही, की 'माझ्या तोंडून' अक्षर गेलेलं नाही, कागदोपत्री शब्द शाबूत आहे. पण त्यांनी वरणाची बादली खाली ठेवली.

"चूक माझी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चुनीलालभाईंनी कोणालाच बोलावलं नव्हतं. ते आवतन गेल्या वर्षीचं होतं. मी न बघता बटण दाबलं. ललितच्या सोयरिकीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. राग माझ्यावर काढा, पोरावर नको."

झालं! आता पंगतीला घाम फुटला. बिनबोलावता जेवायला बसलो, आणि तेही तिसऱ्यांदा तूप मागून! सुपडूचा घास तोंडापाशीच थांबला. दोघं-तिघं उठायच्या बेतात आले.

"बठा," चुनीलालभाई म्हणाले. "कोनी उठू नका."

नरोत्तमभाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. "म्हनजे तुम्हीन बलावं नही, ते तुमले सकायमाच समजनं व्हतं? तरी जेवाडी ऱ्हायनात?"

चुनीलालभाईंनी खांदे उडवले. "आवतन गया सालनं व्हतं," ते म्हणाले. "भूक तं आजनी शे ना."

नरोत्तमभाई पंगतीवरून नजर फिरवत राहिले, वाढणाऱ्या ललितवर ती जरा जास्त वेळ थांबली. मग त्यांनी चपला काढल्या. धर्मेंद्रभाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी धावत जाऊन पाट मांडला, ताट आणलं, बट्टी फोडून वर तूप सोडलं.

नरोत्तमभाईंनी हात जोडले. "नही. मी जेवत नही."

"असं कसं? एक बट्टी तरी," धर्मेंद्रभाई गयावया करू लागले. घाम कपाळावरून गंधात उतरला होता. "माझ्यावर राग असेल तर मला बोला, अन्नावर कशाला? निदान अर्धी!"

"नही, भाऊ," नरोत्तमभाई शांतपणे म्हणाले. "ज्या घरमा पोर देवानी, त्या घरमा आम्हीन जेवतस नही."

जमनाबाईनं पदर तोंडाला लावला. धर्मेंद्रभाई मात्र अजून ताट पुढं करूनच उभे होते, "थोडं वरण तरी चाखा, नरोत्तमभाई," असं विनवत. शेवटी प्रमिलाबेननी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"अहो, पुरे," त्या म्हणाल्या. "ते हो म्हनी ऱ्हायनात!"